मालवणच्या नगराध्यक्षांना खुले पत्र : नांगर कुठे टाकायचा?

मा. नगराध्यक्ष,
मालवण नगरपरिषद, मालवण (जि. सिंधुदुर्ग) यांस,



अभयारण्याविषयी काही मागायचे तर वनमंत्र्यांना लिहावे, मासळीविषयी मागायचे तर मत्स्यव्यवसायमंत्र्यांना, किनाऱ्यावरच्या तंबू-झोपड्यांविषयी पर्यटन खात्याला. नगराध्यक्षांकडे लोक येतात ते नळ, गटार, घरपट्टी आणि भटकी कुत्री यांची गाऱ्हाणी घेऊन. तरी हे पत्र मी समजूनउमजून तुमच्याच नावे लिहितो आहे. आपल्या शहराभोवतीच्या पाण्यात, खाडीत, पुळणीवर आणि सड्यावर जे काही जिवंत उरले आहे त्याचे बरेवाईट मंत्रालयात कमी आणि आपल्या जेटीवर जास्त ठरते, असे माझे मत आहे.

१३ एप्रिल १९८७ रोजी राज्य सरकारने मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. महाराष्ट्रातले हे पहिले सागरी अभयारण्य. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, २०१५ साली आले. मालवणच्या अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा आणि उरलेला त्याभोवतीचा पट्टा. पद्मगड आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडकाळ पाणी गाभ्यात येते आणि बंदराच्या बाजूला गाभ्याची हद्द किनाऱ्यापासून पन्नास मीटरवर सुरू होते. म्हणजे बाजारातून पिशवी घेऊन निघालेला माणूस रमतगमत चालला तरी दहा-पंधरा मिनिटांत राज्यातल्या पहिल्या सागरी अभयारण्याच्या गाभ्यासमोर उभा राहतो. जेटीवरच्या शंभर पर्यटकांना कधीतरी विचारून पाहा, यातले त्यांना काय ठाऊक आहे. मग शंभर मालवणकरांनाही विचारा.

मालवणकरांना एक गोष्ट मात्र पक्की ठाऊक असते : अभयारण्य म्हटले की मासेमारी बंद. गेली जवळजवळ चाळीस वर्षे दांडी, मेढा, वायरी, देवबाग या वाड्यांतून त्या शब्दावर एकच प्रश्न येतो : "मगे आमी खावचा काय?" या प्रश्नाला उत्तर न देता नकाशावर रेघ ओढली गेली आणि तेव्हापासून अभयारण्याचा विषय निघाला की सभा उधळते. यात मच्छीमारांना दोष देणे सोपे आहे. शहरातली शिकलेली माणसे तो देतातही. पण कायद्याच्या तारखा पाहिल्या तर चित्र वेगळे दिसते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तो लिहिताना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जंगल होते : वाघ, सांबर, शिकारी, लाकूडतोड. समुद्रात अभयारण्य करायचे झाले तर तिथे रोज पोट भरायला जाणाऱ्या माणसाचे काय, याचा विचार त्यात नव्हता. तो १९९१ च्या दुरुस्तीत आला. कलम २६ अ मध्ये असे घातले गेले की समुद्रातल्या अभयारण्याची हद्द नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांच्या सल्ल्याने आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या रक्षणाची पुरेशी तजवीज केल्यावर ठरवावी. आता वर्षे मांडा. तरतूद १९९१ ची, आपले अभयारण्य १९८७ चे. मच्छीमारांचे हित पाहणारे वाक्य कायद्यात यायच्या चार वर्षे आधीच मालवणची अधिसूचना निघून गेली होती. वाड्यांमधला राग अडाणीपणातून आलेला नाही. जी गोष्ट पुढे संसदेने मान्य केली, तीच इथले लोक आधीपासून मागत होते.

या रागाचा आणि सरकारी संकोचाचा परिणाम असा झाला की अभयारण्य ना धड लागू झाले, ना रद्द झाले. मच्छीमाराच्या डोक्यावर टांगती तलवार राहिली आणि समुद्राला त्याचा काही उपयोग झाला नाही. मधल्या काळात पर्यटन आले. ज्या पाण्यात कायद्याने सर्वांत जास्त शांतता हवी, तेच पाणी सिंधुदुर्गातले सर्वांत गजबजलेले पाणी झाले. किल्ल्याच्या फेऱ्या, स्नॉर्केलिंग, स्कूबा, जेट-स्की, बनाना राइड. रापणकराला त्या पाण्यात जाळे टाकताना धास्ती आणि पर्यटकांच्या होडीला नांगर टाकताना कसलीच नाही, असा हा उलटा न्याय.

या नांगराबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. सगळ्या विषयातली हीच एक गोष्ट अशी आहे जी मंत्रालयाची वाट न पाहता, ठरवले तर येत्या हंगामाच्या आत, आपण सुधारू शकतो.

किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहेत. लक्षद्वीपच्या छायाचित्रांतल्यासारखी निळ्या पाण्यातली रंगीत बाग इथे नाही, त्यामुळे पुष्कळांना ते प्रवाळ वाटतही नाहीत. तपकिरी, हिरवट, राखी रंगाचे गोळे आणि थर. आपले पाणी गढूळ, पावसाळ्यात गड आणि कर्ली या नद्या गाळ आणि गोडे पाणी आणून ओततात, आणि तरीही हे जीव तग धरून आहेत, यातच त्यांचे मोल आहे. प्रवाळाचा एकेक गोळा म्हणजे हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते उन्हावर अन्न बनवते आणि आपल्या यजमानाला वाटा देते. पाणी फार तापले की हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. गाळ बसला की ऊन पोचत नाही. या दोन्ही गोष्टी नगरपरिषदेच्या हातातल्या नाहीत हे मान्य. पण अशा गोळ्याची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास असते. परातीएवढा गोळा हा तुमच्या-माझ्या हयातीचा ऐवज. लोखंडी नांगर त्यावर पडायला आणि दोर ताणला गेल्यावर तो उपटून निघायला एक मिनिट पुरते. हंगामात त्याच त्या जागी दिवसभर किती होड्या नांगर टाकतात, हे जेटीवर एक सकाळ उभे राहून तुम्हीच मोजा.

प्रवाळांना २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. ताडोबात कोणी रोज वाघाच्या पाठीवर लोखंड टाकले असते तर देशभर बातमी झाली असती.

उपाय जुना आणि स्वस्त आहे. जगात जिथे जिथे लोक प्रवाळ बघायला जातात तिथे शहाण्या ठिकाणी कायमचे बोये बांधलेले असतात. तळाला, प्रवाळ नसलेल्या जागी एकदाच पक्का आधार बसवायचा, त्याला दोर, दोराला बोया. होडीने यायचे, बोयाला बांधायचे, पाहुण्यांना पाण्यात उतरवायचे, सोडून निघायचे. नांगर होडीतच राहतो. शिवाय जितके बोये तितक्याच होड्या एका वेळी उभ्या राहतात, त्यामुळे गर्दीवरही आपोआप लगाम बसतो. वेगळा शिपाई नेमायला नको. जागा कोणत्या निवडायच्या हे आपल्याकडच्या पाणबुड्यांना आणि तांडेलांना कोणत्याही सल्लागार कंपनीपेक्षा चांगले माहीत आहे. परवानगी वनखात्याची आणि मेरीटाइम बोर्डाची लागेल. ती मागणारा अर्ज नगरपरिषदेच्या ठरावासह गेला तर त्याला वजन येईल.

त्याच ठरावात आणखी एक ओळ घाला : माशांना पाव आणि बिस्किटे टाकणे बंद. पाहुण्याच्या तोंडासमोर मासे गोळा व्हावेत, व्हिडिओ चांगला यावा, म्हणून ही युक्ती निघाली. खडकावरचे शेवाळ कुरतडून प्रवाळाला जागा मोकळी करून देणारे मासे मैद्याला सोकावले तर ते शेवाळ कोणी खायचे? होडीवाल्यांवर यासाठी दंडाचा बडगा उगारायची गरज पडेल असे मला वाटत नाही. त्यांतले निम्मे स्वतः मच्छीमारांची मुले आहेत. एकाने बंद केले तर दुसऱ्याचा धंदा वाढतो, एवढीच त्यांची अडचण. सगळ्यांनी एकदम बंद केले तर कुणाचेच नुकसान नाही, आणि सगळ्यांना एका खोलीत बसवणे हे काम नगराध्यक्षांइतके दुसऱ्या कोणाला जमणार?

आता रापणकरांकडे येतो. निसर्गरक्षणाच्या सभांमध्ये ते आरोपीच्या जागी बसवले जातात, याचा मला मनस्वी राग आहे.

रापण म्हणजे होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडून दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची मासेमारी. पाचपन्नास माणसे लागतात, म्हातारे आणि पोरेही दोराला हात लावतात, मासळीचे वाटे पडतात. बांगडा, तारली यांच्या थव्यांनी आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या पंखांनी, किनाऱ्याशी यावे आणि मग ते पकडावे, असा हा धीराचा धंदा आहे. बाहेरच्या खोल पाण्यात पर्ससीन जाळ्याने पूर्ण थवाच गुंडाळला की रापणीला पाणी तेवढे ओढून काढायचे उरते. म्हणून पर्ससीनविरुद्धची लढाई मालवणच्या किनाऱ्यावर इतकी वर्षे लढली गेली. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने पर्ससीनवर हंगामाचे आणि परवान्यांच्या संख्येचे निर्बंध घातले, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतातली मासेमारी बंद केली. हे निर्बंध किती पाळले जातात हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण समुद्रातून किती काढावे याला मर्यादा हवी, हे मोर्चे काढून, रस्त्यावर बसून, अंगावर गुन्हे घेऊन सरकारला सांगणारे लोक कोण होते? जीवशास्त्राचे प्राध्यापक नव्हते. अभयारण्याला विरोध करणारे आणि समुद्राला मर्यादा घाला म्हणणारे, हे एकच लोक आहेत. ज्याला हा विरोधाभास वाटतो त्याला मालवण कळलेले नाही.

त्यांच्याशी बरोबरीने व्यवहार केला की काय होते, याचे उदाहरणही हाताशी आहे. जाळ्यात कासव, देवमुशी बहिरी किंवा डॉल्फिन सापडला तर जाळे कापून त्याला सोडायचे आणि पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ द्यायचा, मग जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई, अशी योजना राज्याने २०१८ च्या डिसेंबरात सुरू केली. धमकी नाही, दंड नाही. कोकणभर मच्छीमारांनी कासवे सोडल्याचे व्हिडिओ तेव्हापासून येत राहिले आहेत. एका कासवासाठी आपले जाळे कापणारा माणूस अभयारण्याचा शत्रू कसा?

बंदी पाळण्याची सवय या मातीला नवी नाही. आपल्याच तालुक्यातले आचरे गाव घ्या. दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल मिळाला की पूर्ण गाव, गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट, वेशीबाहेर जाऊन तीन दिवस तीन रात्री राहतो. गावपळण. घरांना टाळे, रस्त्यांवर कोणी नाही, आणि पोलीस बंदोबस्त लावून कुणाला हाकलावे लागत नाही. नारळी पौर्णिमेआधी दर्यात होडी घालायची नाही हा रिवाज तर सरकारच्या १ जून ते ३१ जुलैच्या बंदीपेक्षा कितीतरी जुना. हुकूम आपल्या माणसाचा, आपल्या देवाचा असला की मालवणी माणूस स्वतःचे घरही तीन दिवस रिकामे करतो. १९८७ चा हुकूम कुणाचा होता हे मात्र त्याला आजवर कोणी नीट सांगितलेले नाही.

म्हणून माझी तुमच्याकडे मुख्य मागणी आहे ती एका समितीबद्दल. समिती हा शब्द ऐकून पत्र बाजूला ठेवू नका. जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीने तसेच नगरपरिषदेने, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि तिने लोकांना विचारून आपल्या हद्दीतल्या जीवांची, त्यांच्या जागांची, त्यांच्याविषयीच्या ज्ञानाची नोंदवही करायची असते. देशभर हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर प्रत्येक राज्याला महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड सांगितला. मग काय, देशभर घाईघाईने वह्या भरल्या गेल्या. आपल्या नगरपरिषदेची वही मागवून घ्या आणि एका संध्याकाळी निवांत वाचा. त्यात किल्ल्याजवळच्या खडकांची नावे आहेत का? मालवणच्या समुद्रातल्या प्रत्येक खडकाला नाव आहे, आणि कुठल्या खडकापाशी कुठल्या महिन्यात काय मिळते हे तांडेलांना तोंडपाठ आहे. तिसऱ्या, मुळे आणि कालवे कुठल्या कोंडीत कमी झाली हे खाडीत उतरणाऱ्या बायकांना ठाऊक आहे. वहीत हे नसेल तर ती वही मालवणची नव्हे, कुठल्याही गावाचे नाव वर घालून चालेल अशी असणार.

ही समिती नव्याने नेमा. तिच्यात रापणकर घ्या, कालवे काढणाऱ्या बायका घ्या, स्कूबावाले घ्या, किल्ल्यावर राहणाऱ्यांपैकी कोणी घ्या. निसर्गप्रेमी म्हणून आमच्यासारखे एक-दोघे पुरे. आणि तिला पहिले काम द्या ते समुद्रात कुठे हात लावायचा नाही हे ठरवण्याचे. तीन चौरस किलोमीटर नकोत. चार खडक चालतील. पण ते चार खडक वाड्यांनी निवडलेले असावेत, महिने त्यांनीच ठरवलेले असावेत, आणि मोडणाऱ्याला जाब विचारणारेही तेच असावेत. मासळी वाढली तर ती प्रथम त्यांच्याच जाळ्यात येणार आहे. पुढे वनखात्याला अभयारण्याची फेरमांडणी करायची असेल तर त्यांच्यासमोर ठेवायला १९९१ च्या दुरुस्तीला धरून चालणारा नकाशा तरी तयार असेल.

आता जरा पाण्याबाहेर.

थंडी सुरू झाली की ऑलिव्ह रिडले कासविणी आपल्या पट्ट्यात अंडी घालायला येतात. उत्तरेला देवगडातले तांबळडेग, दक्षिणेला वेंगुर्ल्यातले वायंगणी या गावांनी त्यांची राखण करून नाव मिळवले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला हे काम सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली सुरू केले, आता लोक मुंबई-पुण्याहून पिल्ले बघायला तिथे जातात आणि गावकऱ्यांच्या घरी राहतात, जेवतात. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, दीडेक महिन्याने पिल्ले बाहेर येतात आणि क्षितिजावर जिकडे जास्त उजेड तिकडे चालू लागतात. लाखो वर्षे तो उजेड समुद्राचा होता. आता तो हॉटेलच्या लॉनवरच्या हॅलोजनचा असतो. किनाऱ्यालगतच्या दिव्यांना वरून झाकण घालणे, त्यांचे तोंड जमिनीकडे वळवणे, डिसेंबर ते मे रात्री दहानंतर पुळणीवरचे झोत बंद ठेवणे, यासाठी कुठला प्रकल्प अहवाल लागत नाही. नगरपरिषदेच्या हद्दीत चिवला आणि दांडीची पुळण आहे, तिथपासून सुरुवात करता येईल. तारकर्ली-देवबागच्या ग्रामपंचायती मग मागे राहणार नाहीत, राहिल्या तर लाजतील.

या कासवांविषयी एक हकिगत तुम्हाला आवडेल. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालताना जिच्या परावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावली होती, ती कासवीण जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. भारताच्या टोकाला वळसा घालून ती पूर्वेकडून पश्चिमेकडे आली होती. तिला अभयारण्याची अधिसूचना वाचता येत नाही. तिला हवी असते काळोखी, उतरती, मोकळी वाळू. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा तिच्या वाटेत येतो. देवबाग आणि तळाशीलच्या लोकांची घरे समुद्र ओढून नेतो आहे, त्यांना बंधारा नको म्हणण्याचे धैर्य माझ्यात नाही आणि तसे म्हणणे क्रूरपणाचेही होईल. पण जिथे घरे नाहीत, फक्त रस्ता किंवा नुसती सुरुची लागवड आहे, तिथेही सवयीने दगड ओतले जातात. तिथे मर्यादवेल आणि केवडा हे काम फुकटात करतात.

कांदळवनांविषयी कायदा आता पुरेसा कडक आहे. उच्च न्यायालयाचा २००५ चा आदेश आहे, राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे, पांढरी चिपी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे. कोळंबच्या आणि कर्लीच्या खाडीत चिपी, कांदळ, तिवर, मारांडी सगळे आहे, पाणमांजरे आहेत, काठाच्या उंच झाडावर काकणाचे, म्हणजे समुद्रगरुडाचे, घरटे अजून दिसते. याच बाबतीत मला मालवणला थोडे डिवचायचेच आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, आवाज नाही, आणि त्यातून त्यांची घरे चालतात. त्याच वेंगुर्ले नगरपरिषदेने कचऱ्याच्या डेपोचे असे काही केले की लोक तो तिकीट काढून बघायला जाऊ लागले. आपल्याकडे पाहुणे त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त येतात. आपण त्यांना काय दाखवतो? बनाना राइड.

धामापूरविषयी दोनच ओळी, पण त्या तुमच्या टेबलाशी जवळच्या आहेत. १५३० साली बांधलेला हा तलाव २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसास्थळांच्या यादीत गेला. भोवतीची दाट झाडी, अडई आणि कमळपक्षी यांसाठी तो पाणथळ आहे, आणि मालवणच्या नळासाठी ती धामापूर नळपाणी योजना आहे. तलावाच्या डोक्यावरचे जंगल तुटले तर पहिली तक्रार पक्षिमित्रांकडून येणार नाही, तुमच्याच पाणीपुरवठा विभागाकडे येईल.

सड्यांचेही तसेच. जांभ्या दगडाचे हे पठार उन्हाळ्यात काळेठिक्कर, महसुली दप्तरात पडीक. श्रावण-भाद्रपदात तिथे सीतेची आसवे आणि गेंद फुलतात, आणि तिथे मुरलेल्या पावसावर खालच्या वाडीच्या विहिरी उन्हाळा काढतात. आपल्या तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, म्हणून तिकडे थोडे लक्ष गेले. बाकीचे सडे चिरेखाणींच्या आणि प्लॉटिंगच्या तोंडी आहेत. हा तुमच्या हद्दीबाहेरचा विषय, म्हणून इथेच थांबतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६ अ खाली सरकारी जागेवर संवर्धन राखीव क्षेत्र करता येते, आणि ते स्थानिक लोकांशी सल्लामसलत केल्यावरच जाहीर होते, एवढे तुमच्या शेजारच्या सरपंचांच्या कानावर घाला.

मोठ्या योजनांचे मला वावडे नाही. पण आपला अनुभव काय आहे? वायंगणी-तोंडवळीला सी-वर्ल्डसाठी शेकडो एकर जमीन मागितली गेली. खरा समुद्र समोर गर्जत असताना काचेच्या टाकीतला समुद्र बांधायला. गावकऱ्यांनी विरोध केला, योजना गुंडाळलेल्या चटईसारखी कोपऱ्यात पडली. आता निवती रॉकजवळ आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका पाण्याखाली ठेवून संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्याचा प्रकल्प सरकारने हाती घेतला. मला त्यात वावगे वाटत नाही. पोलादी जहाज बघायला पाणबुडे तिकडे गेले तर इथल्या जिवंत प्रवाळावरचा भार हलका होईल. फक्त कृत्रिम प्रवाळासाठी कोट्यवधी रुपये आणि खऱ्या प्रवाळासाठी वीस-पंचवीस बोयेही नाहीत, हा हिशेब कुणाला तरी विचारायला हवा. तुम्ही विचारलात तर तो वर्तमानपत्रात छापून येईल, मी विचारला तर वाचकांच्या पत्रव्यवहारात.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, स्कूबा बंद असते, रापणीची जाळी शिवायला घेतलेली असतात. सगळी माणसे जमिनीवर असण्याचा हाच काळ. तेव्हा बैठक बोलवा. सभागृहात बोलवू नका, दांडेश्वराच्या देवळात बोलवा, आणि अभयारण्य हा शब्द विषयपत्रिकेवर लिहू नका. विषय दोनच ठेवा : बोये कुठे बांधायचे आणि चार खडक कोणते सोडायचे. वनखात्याच्या आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांना अवश्य बोलवा, पण त्या दिवशी त्यांनी ऐकायचे आहे हे आधी सांगून ठेवा. ठराव झाला तर हंगाम उघडायच्या आत पहिला बोया पाण्यात पडू शकतो.

आपला,
एक मालवणकर